मालदीवचं बुकिंग करताना आधी विमानाची वेळ बघा

दोघांनी मालदीवला नुसतं लोळायला जायचं असेल, तर फोटोंच्या आधी रिसॉर्ट मालदीवच्या वेलाना या मुख्य विमानतळापासून किती लांब आहे ते बघा. लांबच्या बेटांवर बहुतेकदा सीप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जावं लागतं आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी उतरलात, तर मुक्काम विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे पाण्यात! दुपारी दोनच्या आत पोचणारं विमान घ्या, नाहीतर सरळ स्पीडबोटीचं जवळचं बेट निवडा. मला तेच जास्त पटतं. अर्ध्यापाऊण तासात पाय वाळूत. सीप्लेनचं भाडं खोलीच्या दरात धरलंय का, हेही विचाराच, कारण ते माणशी लागतं आणि चांगलंच महाग असतं. दारूची बाटली मात्र नेऊ नका, कस्टम्सवाले विमानतळावरच काढून ठेवतात.