फोरॅमच्या कवचातून जुन्या समुद्राचं तापमान कसं काढायचं

आमच्याकडे लॅबमध्ये नवीन पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मशीनवर कधी बसायला मिळणार. अरे बाबांनो, मशीन आपलं काम अर्ध्या दिवसात करतं, तापमान बरोबर येणार की चुकणार ते त्याच्या कितीतरी आधी चाळणी, ब्रश आणि धुण्यावर ठरलेलं असतं. म्हणून मी इथे तेच जास्त लिहितोय.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात. फोरॅम म्हणजे फोरॅमिनिफेरा, एकपेशीय जीव, त्यातले काही समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगतात आणि स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात. बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियमही घुसतं, आणि पाणी जेवढं गरम तेवढं जास्त घुसतं, साधारण एका अंशाला ९ टक्के. जीव मेला की कवच तळाला, त्यावर गाळ, परत गाळ, असे हजारो वर्षांचे थर बसतात. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही समुद्रात लाखो वर्षं टिकून राहतात, त्यामुळे हिमयुगापर्यंत मागे जाताना पाण्यातलं त्यांचं प्रमाण बदललं असेल का ही काळजी नको.

कोअर, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दांडा, निवडताना अरबी समुद्रात आपल्याला एक फायदा आहे. साधारण १५० ते १२०० मीटर खोलीत पाण्यात ऑक्सिजन फार कमी, त्यामुळे तळाशी किडे कमी आणि थर ढवळले जात नाहीत. शिवाय फार खोलातला कोअर घेतला तर कवचं विरघळायला लागतात, त्यात मॅग्नेशियम जास्त असलेला भाग आधी जातो आणि तापमान खोटं थंड दिसतं.

एकेक सेंटिमीटरचा सॅम्पल कापा, ओव्हनमध्ये ५०-६० अंशांवर वाळवा, वजन करा, पाण्यात भिजवा आणि ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा. चिकणमाती निघून जाते, मागे राहते ती बारीक वाळू, तीच आपली फोरॅम. दर सॅम्पलनंतर चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे जाळीत अडकलेलं आधीच्या सॅम्पलचं कवच निळं होतं आणि पुढच्यात आलं तर लगेच पकडता येतं.

आता पिकिंग. २५० ते ३५५ मायक्रॉनचा भाग वेगळा करून काळ्या ट्रेवर पसरा, मायक्रोस्कोपखाली ओल्या ००० नंबरच्या ब्रशने एकेक उचला. आपल्याला हवी ती फोरॅमची एक जात, ग्लोबिजेरिनॉयडिस रुबर. रव्याच्या बारीक कणाएवढी, शेवटच्या वेढ्यात तीनच फुगीर कप्पे, आणि मुख्य तोंड आधीच्या दोन कप्प्यांच्या सांध्यावर बरोबर मधोमध, कमानीसारखं. पाठीमागे उलटवलं की आणखी दोन छोटी तोंडं दिसतात. चार कप्पे आणि मधे एकच मोठं उघडं तोंड दिसलं तर ती बुलॉइडिस नावाची दुसरी जात, ती खालून थंड पाणी वर येतं तिथे वाढते, तिला यात मिसळू नका, तिचं गणित वेगळं. आणि आपल्या कोअरमध्ये गुलाबी रुबर दिसली तर थांबून बघा, हिंद महासागरातून ती साधारण १ लाख २० हजार वर्षांपूर्वीच नाहीशी झाली, म्हणजे तुम्ही त्याच्याही खाली पोचलात. एका सॅम्पलला ३० तरी कवचं हवीत, तेवढ्यांचं वजन जेमतेम ०.३ मिलिग्रॅम भरतं.

मग दोन काचांमध्ये हलकेच दाबून फोडायची. हलकेच म्हणजे कप्पा उघडेल एवढंच, पीठ करायचं नाही, नाहीतर धुताना सगळं पाण्याबरोबर जातं. कप्प्याच्या आत माती बसलेली असते आणि मातीत मॅग्नेशियम भरपूर. अतिशुद्ध पाण्याने पाच वेळा, मिथेनॉलने दोन वेळा, प्रत्येक वेळी थोडं सोनिकेटरमध्ये, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हलवून माती सुटी करणाऱ्या भांड्यात. नंतर सोडियम हायड्रॉक्साइड घातलेलं १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड, उकळत्या पाण्यात १० मिनिटं, त्याने सेंद्रिय भाग जातो. शेवटी ०.००१ मोलर नायट्रिक आम्लात ३० सेकंद, मग ०.०७५ मोलरमध्ये विरघळवून आयसीपीवर, म्हणजे द्रावणातल्या धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनवर.

मी एकदा घाईत मिथेनॉलच्या धुण्या टाळल्या होत्या. थंड काळातल्या सॅम्पलचं तापमान २८ आलं, दोन दिवस मी खुश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून, मग अ‍ॅल्युमिनियमचा कॉलम बघितला आणि कळलं की मी माती मोजली. तो सबंध बॅच परत पिकिंगपासून केला. म्हणून मॅग्नेशियमबरोबर अ‍ॅल्युमिनियम, लोह, मँगनीज मोजायचेच, आणि ते मॅग्नेशियमबरोबर वरखाली होत असतील तर तो सॅम्पल सोडून द्या.

गणित एका ओळीचं आहे. मॅग्नेशियमचं कॅल्शियमशी मिलिमोल प्रति मोलमध्ये आलेलं प्रमाण ०.३८ ने भागा, त्याचा नॅचरल लॉग घ्या, ०.०९ ने भागा. ४.५ आलं तर २७.५ अंश, ३.६ आलं तर २५. आणि ३.६ च्या जागी माती राहून ३.९ आलं तर लगेच ०.९ अंश वाढले, हिमयुगात इथला सगळा फरकच दोन-तीन अंशांचा, मग उरलं काय? सगळ्यात आधी कोअरच्या अगदी वरचा सॅम्पल करा, तो आजच्या पाण्याच्या जवळ, पूर्व अरबी समुद्रात २८ च्या आसपास यायला हवा, २४ आला तर खाली जाऊच नका, धुण्यात किंवा विरघळण्यात काय गडबड आहे ते शोधा.

पिकिंगच्या वेळीच थोडी कवचं ऑक्सिजनच्या आयसोटोपसाठी, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजण्यासाठी, बाजूला ठेवा. त्यातला जड ऑक्सिजन १८ एका अंशाला साधारण ०.२२ पर मिलने (हजारात ०.२२) बदलतो, पण त्यात बर्फाचा हिस्साही मिसळलेला असतो, कारण हलका ऑक्सिजन बर्फात अडकून राहतो, हिमयुगात तो हिस्सा १ च्या आसपास. हे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवलं, त्याआधी बराचसा फरक तापमानाच्याच खात्यात जायचा. आपल्याकडे मॅग्नेशियमवरून तापमान आधीच आहे, त्याचा हिस्सा वजा करा, बर्फाचा हिस्सा वजा करा, उरतं ते त्या पाण्याचं स्वतःचं. सह्याद्रीवरून नद्यांनी गोडं पाणी जास्त आणलं की हा आकडा खाली येतो, पाऊस कमी पडला की वर चढतो, म्हणजे त्याच ३० कवचांच्या शेजारच्या कवचांत मान्सूनही सापडतो.