अँटीव्हायरस होता, तरी पैसे गेले? या चुका टाळा

खात्यातून रक्कम गेली की पुष्कळांचा पहिला राग अँटीव्हायरसवर निघतो. पैसे मोजून घेतला होता, हिरवी टिकही दिसत होती, मग त्याने अडवलं का नाही? बहुतेक वेळा उत्तर असं असतं की चोर ज्या वाटेने आला, ती वाट अँटीव्हायरसच्या पहाऱ्यातच नव्हती. त्याचं मुख्य काम फाइल तपासणं. ओळखीच्या व्हायरसच्या खुणा तो जुळवून पाहतो आणि एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागू लागला तर त्याला थांबवतो. हे काम चांगले अँटीव्हायरस खरोखर चोख करतात. पण आपणच दिलेली परवानगी किंवा आपणच सांगितलेला ओटीपी त्याला परत घेता येत नाही.

लॅपटॉपला कुलूप, फोन उघडा

सध्या सर्वात जास्त काळजी करावी अशी गोष्ट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल. कधी ती आरटीओचं चलान म्हणून येते, कधी लग्नपत्रिका, कधी पीएम किसानचा हप्ता किंवा बँकेची केवायसी म्हणून. पाठवणारा अनेकदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ती अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी मागते, मग एसएमएस वाचण्याची, कधी अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचून आपल्या वतीने बटणं दाबण्याची. एवढं मिळालं की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. अशा वेळी लॅपटॉपमधल्या अँटीव्हायरसचा काहीच उपयोग नसतो. फोनमधलं प्ले प्रोटेक्ट (गूगलची अ‍ॅप तपासणी) बऱ्याचदा इशारा देतं, पण घाईत तो ओलांडून लोक पुढे जातात.

चलान, पत्रिका, पावती यांपैकी कशासाठीही अ‍ॅप इन्स्टॉल करावं लागत नाही. चलानाची शंका असेल तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघा.

अशी फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि तिथून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी काढा, मग अ‍ॅप काढा. अ‍ॅप निघतच नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून पाहा. तरीही मनात शंका राहिली तर फोटो दुसरीकडे घेऊन फॅक्टरी रीसेट केलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक्ड डिव्हाइसेसची यादी तपासा आणि ##002# डायल करून सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. ही शेवटची पायरी बहुतेकांची राहून जाते.

फोनवरच्या माणसाचं ऐकणं

'डिजिटल अरेस्ट'मध्ये व्हायरस असावाच लागत नाही. समोरचा पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून अटकेची भीती घालतो, घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. स्क्रीन शेअर करायला लावणारी अ‍ॅप्ससुद्धा मुळात कायदेशीर कामासाठी बनवलेली असतात, म्हणून अँटीव्हायरस त्यांना सहसा हात लावत नाही. इथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपायी एक तासही थांबू नका.

अँटीव्हायरसच्याच नावाने येणारी फसवणूक

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमचं सबस्क्रिप्शन संपलं, इतके व्हायरस सापडले' अशी पाटी वारंवार येते आणि ज्येष्ठ मंडळी घाबरून त्यावर क्लिक करतात. नीट पाहिलं तर त्या पाटीवर ब्राउझरचं आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचं नाव बारीक अक्षरात असतं. कधीतरी त्या साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं, एवढंच. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ती साइट काढून टाका, पाट्या थांबतात. पूर्ण स्क्रीनभर भोंगा वाजवत फोन नंबर दाखवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरा. तरीही गेलं नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नूतनीकरण करायचंच असेल तर अँटीव्हायरस स्वतः उघडून त्यातली तारीख बघा.

क्रॅकसाठी पहारा उठवणं

विकतचं सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे त्याचं कुलूप तोडून, फुकट टाकताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा, हा फोल्डर तपासणीतून वगळा' अशी सूचना असते, आणि तीच सर्वात मोठी धोक्याची खूण समजा. नंतर अँटीव्हायरस पुन्हा सुरू केला तरी तो फोल्डर वगळलेल्या यादीत तसाच राहतो. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज टाकून दिलं असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये एक्सक्लूजन्सची यादी उघडून बघा. आपण न टाकलेलं काही दिसलं तर काढा आणि पूर्ण स्कॅन करा.

विंडोजचे अपडेट टाळणं

मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर संगणक बंद पाडले. ज्या भोकातून ते शिरलं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. विंडोज 10 ची सर्वसाधारण मदत, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. अशा जुन्या विंडोजवर नवा अँटीव्हायरस विकत घेऊन काम भागेल, असं समजू नका.

मग कोणता घ्यावा?

घरगुती वापरासाठी विंडोजमध्ये असलेला डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर माझ्या मते बहुतेकांना तो पुरतो. दुकान, क्लिनिक, सीएचं ऑफिस अशा ठिकाणी, जिथे चार जण एकच हिशेब उघडतात, तिथे पैसे देऊन घेतलेला अँटीव्हायरस सार्थकी लागतो. दोन-दोन टाकू नका; ते एकमेकांच्या आड येतात. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला ट्रायल काढून टाकला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

आणि फुकट आहे म्हणून काहीही घेऊ नका. अँटीव्हायरसला तुमचं सगळं दिसतं. अव्हास्टने आपल्या ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला.

पेनड्राइव्ह आणि बॅकअप

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल्स सहसा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी स्कॅन करा, मग हिडन फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करून आपल्या फाइल्स बाहेर काढा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक साफ करायची मोफत साधनं मिळतात.

हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेत असाल तर काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर मूळ फाइल्सबरोबर बॅकअपही बंद करून टाकतं. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, ती खरंच उघडते का ते.