कॉलेजच्या जुन्या जिमखान्याची दर्शनी भिंत: डागडुजीत या चुका टाळा

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला पोपडे आले की सिमेंटचा गिलावा मारायचा, ही गोव्यातली सर्वांत महागडी चूक. चिरा पावसाळ्यात पाणी पितो आणि उघडीप पडली की सोडतो. वर सिमेंट असेल तर ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याची साल घेऊनच सुटतो. ॲक्रिलिक रंगाचेही तेच.

गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ सगळेच बघतात. मैदानालगतच्या इमारतीत मात्र दोन गोष्टी नजरेतून सुटतात: वर्षानुवर्षांच्या भरावाने माती जोत्यावर चढलेली असते, आणि हिरवळीचा स्प्रिंकलर भिंतच भिजवत असतो. भिंतीलगतची अर्धा मीटर रुंदीची माती जोत्याखाली उतरवून बाहेर उतार द्या. तिथे काँक्रीट ओतू नका. ओतले तर जमिनीतली ओल बाहेर न पडता भिंतीत चढते.

गिलावा सरसकट पाडू नका. टेंडरात तसे लिहिले की मोजमाप सोपे होते, फायदा एवढाच. थापीच्या दांड्याने ठोका, पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ मारा आणि तेवढाच काढा. दरजांत (चिऱ्यांमधल्या सांध्यांत) भरलेले सिमेंट छिन्नीने सुमारे 25 मिमी खोल काढा. ग्राइंडरने चिऱ्याच्या कडा उडतात.

नव्या गिलाव्यासाठी किमान तीन महिने मुरलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची रेती 3 भाग. खाडीची रेती आणली तर मीठ तुम्हीच भिंतीत भरता. थोडी सुरखी (भाजक्या विटांची पूड) घातली की पकड लवकर येते. भिंत आधी भिजवा, एक थर 10 मिमीपेक्षा जाड नको. दुसऱ्या दिवशी बारीक तडे दिसले तर थर जाड झाला किंवा उन्हावाऱ्याने भराभर सुकला. ओला असतानाच लाकडी थापीने दाबून घोटा आणि आठवडाभर ओले गोणपाट लावा. बोटाला पीठ लागत असेल तर गिलावा तहानेला राहिलाय. काम नोव्हेंबरात सुरू करून मार्चअखेर संपवा. मेमध्ये केलेला गिलावा जूनच्या सरींना टिकत नाही.

भिंतीवर फुटलेला पांढरा लोणा (क्षार) कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्या. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत आत जाते, आणि ॲसिड तर चुनाच खाते.

स्कोअरबोर्ड, फ्लडलाइट, झेंडे यांचे जुने लोखंडी ब्रॅकेट गंजून फुगतात आणि चिरा फोडतात. ते मुळासकट काढा, नवे स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि चिऱ्यात नव्हे, दरजेत बसवा.