माउंटन बाइकचे नवे टायर कसे पारखून घ्यावेत

नवे टायर घातल्यावर पहिल्याच फेरीत त्यांच्याबद्दलचे मत पक्के करण्याची घाई बहुतेकांना होते. त्या फेरीत टायरइतकाच त्यातल्या हवेचा, त्या दिवशीच्या जमिनीचा आणि आपल्या उत्साहाचाही वाटा असतो. म्हणून वाट तीच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

सुरुवात जुन्या टायरांपासून करावी. दोन-तीन किलोमीटरची अशी फेरी निवडावी, जिच्यात थोडे डांबर, सुटा मुरूम, एक चढ, एक उताराचे वळण आणि उघडा दगड असे सगळे येईल. गोरेगावच्या आरे कॉलनीत पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर हे मिळते. मात्र तिथल्या राखीव वनात परवानगीशिवाय शिरू नये आणि बिबट्याचा वावर असल्याने चांगले उजाडल्यावर, सोबतीनेच जावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ता टायर किती सहज पळतो हे पाहण्यास उत्तम आहे, पण तो सोडून जंगलाच्या वाटांवर सायकल नेऊ नये. जुन्या टायरांवर ही फेरी दोनदा मारून चाक कुठे सरकले आणि चढावर कुठे जागच्या जागी फिरले, हे लिहून ठेवावे.

मग नवे टायर बसवावेत. टायरच्या बाजूवर ५७-६२२ असा आकडा असेल, तर रुंदी सुमारे ५७ मिलिमीटर आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजेच २९ इंची चाक, असा त्याचा अर्थ होतो, २७.५ इंची चाकासाठी हा दुसरा आकडा ५८४ असतो. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास तो पाळावा. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण पावसाळ्यातला चिखल तिथेच अडकतो. हवा भरल्यावर चाक फिरवून रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे पाहावे. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल, तर हवा सोडून कडेला साबणाचे पाणी लावावे आणि पुन्हा भरावी.

सगळ्यात जास्त वेळ हवेच्या दाबाला द्यावा. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात अंगठ्याने दाबून ‘टाइट’ म्हणतात, तो दाब डांबरासाठी ठीक असला, तरी त्या दाबावर मुरमात टायर जमिनीला बिलगत नाही, दगडांवरून नुसता उडत राहतो. साध्या, पण दाब मोजता येणाऱ्या पंपावर केलेला खर्च मला महागड्या टायरांपेक्षाही आवश्यक वाटतो. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरांत पुढे २४ आणि मागे २६ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी. ट्यूब असेल तर दोन्हींत चार-पाच पीएसआय जास्त ठेवावेत. टायरवर छापलेल्या कमाल आणि किमान मर्यादा मात्र कधीही ओलांडू नयेत. त्यानंतर प्रत्येक फेरीनंतर दोन-दोन पीएसआय हवा कमी करत जावे. वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटू लागला किंवा दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला, की दोन पीएसआय परत वाढवावेत. आपला दाब तोच. मी एकदा हा आवाज दुर्लक्षिला आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडली. ती काट्याने पडलेली नव्हती, रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली गेली होती. सायकल उन्हात उभी राहिली तर दाब एक-दीड पीएसआय सहज चढतो, म्हणून तो सावलीत, निघण्याआधीच मोजावा.

पुढचा आणि मागचा टायर वेगवेगळे पारखावेत. पुढचा घसरला तर माणूस पडतो, मागचा घसरला तर बहुतेक वेळा सावरता येते. त्यामुळे पुढे मोठ्या, मऊ रबराच्या नॉबचा (म्हणजे जमीन धरणाऱ्या उंचवट्यांचा) टायर आणि मागे त्याहून थोडा गुळगुळीत, हलका पळणारा टायर ही जोडी मला अधिक विश्वासाची वाटते. पुढच्याची परीक्षा वळणात घ्यावी: ओळखीच्या वळणात आधी हळू, मग थोडे वेगाने शिरावे आणि कडेचे नॉब जमीन धरतात की अचानक सुटतात, हे जाणून घ्यावे. मागच्याची परीक्षा चढावर, सीटवर बसूनच घ्यावी. उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन कमी होऊन ते फिरू लागते आणि दोष टायरच्या माथी जातो.

कोरड्या मुरमावर पास झालेला टायर पावसाळ्यासाठी पुन्हा तपासावा लागतो. शेवाळलेल्या कातळावर उंच नॉबांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे मऊ रबर आणि कमी दाब यांचाच आधार असतो. ट्यूबलेस असेल तर आपल्याकडच्या उकाड्यात सीलंट, म्हणजे टायरच्या आतला भोके बुजवणारा द्रव, लवकर सुकते, तेव्हा दर दोन महिन्यांनी ते आत ओले आहे ना, हे पाहून मगच त्या टायरांवर पुढची फेरी मारावी.