सिस्टिक फायब्रोसिसमधलं पित्ताशय: सोनोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

सोनोग्राफी शिकायला लागलात की सिस्टिक फायब्रोसिसच्या (शरीरातले स्राव दाट-चिकट करणारा आनुवंशिक आजार) पेशंटचं पित्ताशय पहिल्याच खेपेला गोंधळात टाकतं. प्रोब ठेवावा तर दिसतच नाही, किंवा आक्रसलेलं दिसतं. मग रिपोर्टमध्ये 'पेशंट बहुधा खाऊन आला असावा' असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाला हे ऐकून राग येणारच.

या आजारात सीएफटीआर हे प्रथिन बिघडलेलं असतं. यकृताच्या मुख्य पेशींत ते नसतंच. पित्तनलिका आणि पित्ताशयाच्या अस्तरात असतं. तिथून क्लोराइड, बायकार्बोनेट आणि पाठोपाठ पाणी पित्तात उतरतं. हे कमी झालं की पित्त दाट होतं, म्यूकस चिकट होतो. काहींचं पित्ताशय मुळातच इवलंसं असतं, जेमतेम २-३ सेंटीमीटर लांबीचं. सापडत नसेल तर उजव्या पोर्टल व्हेनपासून (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेची उजवी फांदी) निघणारी पांढरी रेघ धरून सरका, ती पित्ताशयाच्या मानेकडे नेते. 'श्वास भरून धरा' म्हटलं की या पेशंटना खोकल्याची उबळ येते. डाव्या कुशीवर वळवा आणि क्षणभराच्या श्वासावर काम भागवा.

खरी मेख आहे ती पित्ताशयाचं काम तपासताना. उपाशीपोटी आकारमान मोजायचं, स्निग्ध आहार द्यायचा, मग ठरावीक वेळाने पुन्हा मोजायचं. पण स्निग्ध पदार्थ पचून फॅटी आम्लं सुटल्याशिवाय आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे पित्ताशयाला आकसायचा निरोप देणारं संप्रेरक, नीट स्रवत नाही, आणि ते नसेल तर पित्ताशय आकसणार कसं? बहुतेक पेशंटचं स्वादुपिंड पुरेसे एन्झाइम देत नाही. त्यामुळे एन्झाइमच्या कॅप्सूल त्या आहारासोबत घेतल्या का, हे विचारल्याशिवाय 'पित्ताशय काम करत नाही' असं लिहू नका. निरोपच पोचला नसेल तर त्याचा काय दोष! मधुमेहही असेल तर उपास किती लांबवायचा आणि इन्सुलिनचं काय, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

मापं घेताना हात जपून. लांबी, रुंदी आणि जाडीच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणायचं, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण ३ × १ × १ सेंटीमीटरच्या पित्ताशयात रुंदी आणि जाडी दोन्ही एकेक मिलिमीटर जास्त धरली, तर आकारमान २१ टक्क्यांनी फुगतं. इतक्या लहान पित्ताशयाच्या रिकामं होण्याच्या टक्केवारीवर मी तरी फार विसंबत नाही.

खडे दिसले आणि त्रास नसेल, तर नोंद करा, घाबरवू नका. हे खडे बरेचदा कोलेस्टेरॉलचे नसतात, त्यामुळे अर्सोडीऑक्सीकोलिक आम्लाने ते विरघळतील अशी आशाही दाखवू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिस्टिक फायब्रोसिसवरचं तीन औषधांचं मिश्रण (एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर, आयव्हाकाफ्टर) सुरू केल्यावर काहींना पित्ताशयाच्या कळा आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पोटदुखीचा पेशंट आला की औषध कधी सुरू झालं ते विचारा, आणि त्याआधीची सोनोग्राफी असेल तर तुलनेला काढा.