वसई किल्ला बघायला जाताय? मग असा बघा

बरेच जण वसई किल्ल्यात जातात, चर्चपुढे चार फोटो काढतात आणि तासाभरात परत येऊन सांगतात की पडक्या भिंतींशिवाय काही नाही, ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी कसा बघतो ते लिहितोय.

आधी दोन सालं डोक्यात ठेवा. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, हुमायूनचा धाक होता त्याला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं या तटाच्या आत अख्खं शहर नांदत होतं, चर्च, मठ, वाडे सगळं, त्यामुळे शहरात फिरतोय असं समजूनच फिरा.

वसई रोडला पश्चिमेला उतरा, किल्लाबंदरला जाणारी बस किंवा रिक्षा मिळते. सकाळी लवकर जा, बूट घालून, पाणी घेऊन. पावसाळ्यात रान इतकं माजतं की तट दिसतच नाही.

सुरुवात बालेकिल्ल्यापासून करा, सगळ्यात जुना भाग तो. मग सेंट जोसेफ चर्च, त्याचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. पण खरा वेळ काढा फ्रान्सिस्कन चर्चसाठी. तिथे जमिनीतच थडग्यांच्या शिळा बसवल्यात, आपण नकळत त्यांच्यावरून चालत असतो. खाली बसा, मोबाईलचा टॉर्च दगडाला आडवा लावा, वरून नाही, मग झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. 'आकी जाझ' असं पोर्तुगीजमध्ये सापडलं की समजा, इथे अमुक माणूस चिरनिद्रा घेतोय. खडू किंवा पाणी मात्र अजिबात लावू नका प्लीज, दगड आधीच खराब झालाय.

शेवटी तटावर. किल्ल्याला बऱ्याच बाजूंनी खाडी आणि दलदल, म्हणून मराठ्यांना जमिनीच्या बाजूनेच भिडावं लागलं, सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून भगदाड पाडलं आणि तिथेच किती माणसं गेली. तिकडे उभं राहून बघा, गप्पच होतो माणूस.

आणि पुढच्या वेळी नाशिकला गेलात तर नारोशंकराच्या देवळातली घंटा बघा, इथल्याच चर्चची म्हणतात ती. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरही तशीच एक आहे.