टर्मिनलमधील फाईल मॅनेजर वापरताना या चुका टाळा

टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीत, चालणारा ‘रेंजर’, ‘एलएफ’, ‘एनएनएन’ किंवा जुना ‘मिडनाइट कमांडर’ यांपैकी कोणताही फाईल मॅनेजर घेतला, तरी माउसला हात न लावता फायली हलवण्याची सोय त्यात उत्तम असते, आणि नेमक्या याच वेगामुळे नवखा माणूस पहिल्या आठवड्यातच स्वतःचे नुकसान करून घेतो. सांगलीतील काही दुकानांचे आणि लहान कार्यालयांचे लिनक्सवर चालणारे संगणक मी सांभाळतो. तिथे येणाऱ्या तक्रारी इतक्या सारख्या असतात की, फोनवर पहिले वाक्य ऐकताच पुढचे सांगता येते. बहुतेकांचे मूळ एकच असते. वापरणारा पडद्यावरची उजळलेली पट्टी कोणत्या फायलीवर आहे ते पाहतो, आणि प्रोग्राम मात्र खुणा केलेल्या फायलींची यादी पाहतो.

हे ‘एलएफ’मध्ये विशेष जाणवते. स्पेसची कळ दाबून केलेल्या खुणा त्यात एका फोल्डरपुरत्या राहत नाहीत; आपण दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलो तरी त्या कायम असतात. कॉपी, कट किंवा डिलीट असा कोणताही आदेश दिला की प्रोग्राम प्रथम ही यादी पाहतो आणि यादी रिकामी असेल तरच पट्टीखालची फाईल उचलतो. आधीच्या फोल्डरमधील खुणा नजरेआड झालेल्या असतात. त्यांचा पुरावा म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात रंगीत पार्श्वभूमीवरचा एक लहानसा आकडा तेवढा उरतो. तो आकडा पाहण्याची सवय नसलेला माणूस ‘एलएफ’ वापरण्यास तयार झालेला नाही, असे माझे मत आहे. ‘रेंजर’मध्ये खुणा त्या-त्या फोल्डरपुरत्या असतात, त्यामुळे ‘रेंजर’वरून ‘एलएफ’कडे आलेले लोक येथे हमखास फसतात.

मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हळदीच्या हंगामात घडलेला प्रकार सांगतो. शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, स्कॅन करून ठेवण्याचे काम दिवाणजींच्या हाताखाली नव्याने लागलेल्या मुलाकडे होते, आणि त्या महिन्याच्या सर्व पट्ट्या विश्रामबागेतील सीएंकडे पेन ड्राइव्हवर पाठवायच्या होत्या. त्याने त्या फोल्डरमधील सर्व फायलींवर खुणा केल्या. तेवढ्यात फोन आला. फोन संपल्यावर तो डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये गेला, तिथे दोनदा उतरवलेली एक पीडीएफ त्याला खटकली, आणि त्याने ती पुसण्याची कळ दाबली. खालच्या ओळीत इतक्या फायली पुसायच्या का, असा आकड्यासह प्रश्न आला. त्याने तो न वाचता ‘वाय’ दाबले. पीडीएफ जागेवरच राहिली, म्हणून कळ नीट लागली नसावी असे समजून त्याने तेच पुन्हा केले. आता यादी रिकामी झालेली असल्याने पीडीएफ गेली आणि त्याचे समाधान झाले. संध्याकाळी पेन ड्राइव्ह भरण्यासाठी तो परत गेला, तेव्हा पट्ट्यांचा फोल्डर मोकळा होता. “दादा, फायली दिसत नाहीत, कुठेतरी लपल्यात,” असा त्याचा फोन आला. लपलेल्या नव्हत्या. ‘एलएफ’चा डिलीट आदेश फाईल कचरापेटीत टाकत नाही, थेट पुसतो.

संगणक त्याच क्षणी बंद करायला मी सांगितले, आणि मुलाने ते ऐकले. दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पुसलेल्या फायली शोधणारे ‘फोटोरेक’ चालवले आणि सापडलेल्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची होती. एसएसडी असती आणि तिच्यावर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा साफ करण्याचे काम, चालून गेले असते, तर हाती काही लागले नसते. मात्र ‘फोटोरेक’ फायलीच्या मजकुराची ठेवण ओळखून ती परत मिळवते, तिचे मूळ नाव किंवा फोल्डर परत मिळवत नाही. येथे तर फायलींची नावे म्हणजेच पट्टीचे क्रमांक होते. दिवाणजी स्थळप्रतींचे गठ्ठे घेऊन बसले, एकेक स्कॅन उघडून क्रमांक पुन्हा टाकावे लागले, आणि मुलाला ते सर्व जवळ बसून करावे लागले, हे मला योग्यच वाटले.

यावरची माझी सवय साधी आहे. कोणताही नाश करणारा आदेश देण्यापूर्वी मी ‘यू’ दाबून सर्व खुणा काढतो आणि मग हव्या तेवढ्याच फायलींवर नव्याने खुणा करतो. जास्तीची एक कळ लागते. ज्यांना ती वाचवायची आहे त्यांनी खुशाल वाचवावी. पुसण्यासाठी मी फाईल कचरापेटीत टाकणारा ‘ट्रॅश-पुट’ हा आदेश कळीला जोडून ठेवतो, त्यामुळे चुकलेली फाईल ‘ट्रॅश-रिस्टोअर’ने परत आणता येते. पेन ड्राइव्हवर अशा प्रकारे पुसलेल्या फायली तिथल्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये पडून राहतात आणि जागा अडवतात, ते मोकळे करायला विसरू नये.

त्या मुलाच्या संगणकावर पुसण्याची कळ आली कुठून, हाही प्रश्न आहे. मूळ ‘एलएफ’मध्ये डिलीटला कोणतीही कळ जोडलेली नसते, आणि ते विचारपूर्वक केलेले आहे असे मी मानतो. त्याने इंटरनेटवरून कोणाची तरी तयार कॉन्फिग फाईल, म्हणजे कळा आणि इतर मांडणी ठरवणारी फाईल, जशीच्या तशी उचलली होती. दुसऱ्याची शंभर ओळींची कॉन्फिग घेणाऱ्यांना त्यातील दहा ओळींचाही अर्थ सांगता येत नाही. रिकाम्या फाईलपासून सुरुवात करावी आणि ज्या ओळीची गरज स्वतःला जाणवली तीच लिहावी.

दुसरी नेहमीची चूक बाहेर पडताना होते. फाईल मॅनेजरमध्ये चार पायऱ्या खाली उतरून ‘क्यू’ दाबले की आपण त्याच फोल्डरमध्ये आहोत असे लोक गृहीत धरतात, पण शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपले आदेश चालवणारा प्रोग्राम, जिथून निघाले होते तिथेच असते, कारण शेलने सुरू केलेला प्रोग्राम शेलचा चालू फोल्डर बदलू शकत नाही. त्या भ्रमात फायली पुसणारा ‘आरएम’ आदेश चालवणारे मी पाहिले आहेत. ‘एलएफ’सोबत मिळणारी ‘एलएफसीडी’ स्क्रिप्ट किंवा ‘रेंजर’चा ‘चूझडिर’ पर्याय यासाठीच, म्हणजे बाहेर पडताना शेललाही त्या फोल्डरमध्ये नेण्यासाठी, आहे. ते जोडेपर्यंत निदान चालू फोल्डर दाखवणारा ‘पीडब्ल्यूडी’ आदेश टाइप करून पाहावे. याउलट काही जण फाईल मॅनेजरमधून शेल उघडतात, त्या शेलमध्ये पुन्हा फाईल मॅनेजर सुरू करतात, आणि मग एकदा बाहेर पडूनही बाहेर का येत नाही म्हणून विचारतात. ‘एलएफ_लेव्हल’ किंवा ‘रेंजर_लेव्हल’ या चलाची किंमत छापून पाहिली की आपण कितव्या थरात आहोत ते कळते.

कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर असेल, तर एच, जे, के, एल या पट्टी हलवण्याच्या कळांमधून प, र, क, त ही अक्षरे जातात आणि काहीच हलत नाही. प्रोग्राम अडकला असे समजून टर्मिनल बंद करू नये, कळफलक बदलावा. काही टर्मिनलांत देवनागरी नावांतील जोडाक्षरे फुटलेली दिसतात. फाईल बिघडलेली नसते, तिचे नाव बदलत बसू नये.

‘रेंजर’मध्ये कॉपी केलेली फाईल पेस्ट करताना ‘पीपी’ ही कळजोडी एकाच नावाची फाईल आली तर नव्या प्रतीचे नाव बदलते आणि ‘पीओ’ जुन्या फायलीवर लिहिते. ‘पीओ’ची सवय लावून घेऊ नये.

‘सुडो’ लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, फाईल मॅनेजर उघडू नये. त्यात बनलेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी त्या उघडतात पण सेव्ह होत नाहीत.

‘मिडनाइट कमांडर’मध्ये एफ-१० दाबल्यावर टर्मिनलचाच मेनू उघडत असेल, तर एस्केप आणि त्यानंतर शून्य दाबावे.

कॉपी पूर्ण झाल्याचे दिसले की लगेच पेन ड्राइव्ह ओढून काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, मजकूर त्या वेळी बराचसा संगणकाच्या मेमरीतच असू शकतो. तो ड्राइव्हवर उतरवणारा ‘सिंक’ हा आदेश द्यावा, आदेश संपून प्रॉम्प्ट, म्हणजे नवा आदेश घेणारी ओळ, परत येईपर्यंत थांबावे, मग ड्राइव्ह अनमाउंट करावा, म्हणजे संगणकापासून रीतसर तोडावा, आणि त्यानंतरच काढावा.